कॅप्टन टॉलची उरलेली हवा

कॅप्टन टॉलकडे आठ मिनिटांची हवा उरली होती आणि नेमकं तेव्हाच त्याचं मासिक बंद पडलं. बंद तरी कसलं, न्यूयॉर्कच्या त्या कचेरीत मरणसुद्धा काटकसरीनं यायचं. टपाल खात्याचा नवा परवाना काढायची कटकट नको, म्हणून नवव्या अंकापर्यंत अंतराळात फिरणारं चित्रमासिक दहाव्या अंकापासून प्रेमकथांचं झालं. नाव बदललं, अंकाचा आकडा तसाच पुढे चालू. टॉल बिचारा शनीपाशी फुटक्या यानात अडकला तो अडकलाच. कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्याच कचेरीत लिहिणाऱ्या थेल्मा वोइचिकलाही नसतं, पण डेटनच्या इस्पितळातल्या एका नर्सचं पत्र तिच्या टेबलावर आलं. वॉर्डात बारा वर्षांची लोरीन होती. पोलिओनं छाती निकामी केलेली, मानेपासून खाली लोखंडी यंत्रात, श्वासही यंत्रच घ्यायचं. टॉलचं पुढे काय झालं ते कळेना, तेव्हापासून पोरगी दोन घासांवर तोंड मिटायची. थेल्मानं लगोलग कळवलं, टॉल वाचला. त्यावर लोरीन म्हणाली म्हणे, पत्र काय कुणीही लिहितं, छापलेलं दाखवा. नर्सच्या दुसऱ्या पत्रात तिचं उतरलेलं वजन होतं.

छापायचं पण कुठे? स्वस्त दरानं टपालात जायचं तर प्रत्येक चित्रमासिकात दोन पानं नुसत्या मजकुराची लागत. ती पानं आठ वर्षं थेल्माच लिहीत होती आणि संपादक ग्लेझरसकट कुणीही ती वाचत नव्हतं. त्याच दोन पानांत तिनं टॉलला सुखरूप घरी आणला. गुरुवारी प्रूफ आलं की पान कापून डेटनला पाठवायचं, असा बेत. छापखान्याचा माणूस चारला यायचा होता. पावणेचारला तिनं पानं हळूच गठ्ठ्यात सरकवली.

आणि नेमकी त्याच दिवशी ग्लेझरला वाचायची दुर्बुद्धी झाली. चित्रमासिकं पोरांना बिघडवतात म्हणून सिनेटवाले त्यांच्या मागे हात धुवून लागलेले. माणूस धास्तावला होता, ओळ न् ओळ तपासत होता. थेल्मा दाराशी उभी राहिली.

"हा मेला टॉल इथे कुठून आला?" ग्लेझरनं विचारलं.

तिनं नर्सची दोन्ही पत्रं त्याच्यापुढे टाकली. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली. मग निळी पेन्सिल उचलली आणि शेवटचा परिच्छेद सरळ खोडला. टॉल घरी पोचतो तोच.

"तो वाचतो त्यात," थेल्मा म्हणाली. "माणूस आहात की कोण?"

"सोळा सालच्या पोलिओच्या साथीत माझा धाकटा भाऊ असाच पडून होता," ग्लेझर पेन्सिलीकडे बघत म्हणाला. "रोज बेसबॉलचा निकाल ऐकायला थांबायचा. डॉक्टर म्हणायचे, हा आठवडा काढणार नाही. पठ्ठ्यानं अख्खा मोसम काढला. ऑक्टोबरात मोसम संपला." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "तुझा टॉल घरी पोचला की त्या पोरीनं उद्या डोळे कशाला उघडायचे, सांग मला."

थेल्माला त्याचा भयंकर राग आला. तिनं खोडलेलं पान त्याच्यापुढून ओढून घेतलं.

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. छापखान्याचा माणूस आला होता. ग्लेझर त्याला कॉफीला नेतो म्हणाला आणि वीस मिनिटं देऊन गेला.

ती टंकयंत्रापाशी बसली. टॉलला तिनं आधी मोडक्या कोठीत खाण्याचे डबे सापडू दिले आणि पोटभर जेवायला लावलं, कारण तग धरायचा तर पोटात काहीतरी हवं, असं त्याच्याच तोंडी घातलं. मग कोठीच्या तळाशी हवेची एक टाकी ठेवली. टाकीत किती हवा? तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अंक आता दर दोन महिन्यांनी निघायचा; पुढचं प्रूफ यायला एकसष्ट दिवस होते आणि टपाल डेटनला पोचायला आणखी चार.

टॉलला तिनं पासष्ट दिवसांची हवा दिली.