स्पॅममधला जय भीम

मायाने स्पॅमचा कप्पा अंगठ्याने खाली ओढला, सोडला, परत ओढला. देवानंदचा नवा मेल नव्हता.

देवानंदचं, म्हणजे नवऱ्याचं, घर सोडून, कोणालाही न सांगता, ती आईला घेऊन अकोल्याहून भातकुलीला आली होती. तेव्हापासून त्याच्या धमक्या रोज याच कप्प्यात येऊन पडायच्या. ती त्या उघडत नसे, पण पडल्या आहेत एवढं बघून घेई. तिकडे बसून शिव्या लिहितोय म्हणजे मेल्याला पत्ता सापडलेला नाही, असं तिचं गणित होतं. आता आठवडा होत आला, एकही शिवी नाही, म्हणून ती घडीघडी कप्पा उघडून बघत होती.

"बंद झाला तर बरंच हाय ना माय," लसूण सोलता सोलता भागीरथाबाई म्हणाल्या. "काहून भेऊन राहिली?"

"बंद नसन झाला, आई. हे स्पॅम आपल्यापासून शिकते. त्याचा पयला मेल मी स्पॅम म्हणून दाबला. मंग कोणाचा हाय, कसा लिवला हाय, ते पाहून पुढचे सारे त्यानं इकडं टाकले. कोणी उलटं शिकवलं, तर तेच समोर येतात."

भागीरथाबाईंचा हात थांबला.

"म्या शिकवलं."

"काय?"

"जयंतीच्या दिशी. तू आंघोळीले गेल्ती. तिथं त्याचं जय भीम पडेल होतं. जय भीम कचऱ्यात कसं राहू देऊ? काढून समोर ठेवलं."

मायाने घाईने समोरचे मेल चाळले. तो सापडला. त्यात खरंच दोनच शब्द होते आणि एक निळा झेंडा. तिला आईचा संताप आला आणि लगेच कीवही आली. मग मेलखाली तिला आणखी एक ओळ दिसली.

"आई, तू उत्तर देल्लं?"

"जय भीम म्हटल्यावर जय भीम म्हणाच लागते ना. तेवढंच लिवलं. दुसरं अक्षर नाई, तुही शपथ."

आईने तेवढंच लिहिलं होतं. त्याच्या खाली, मायाच्या प्रत्येक मेलला फोन आपोआप जोडतो तो मजकूर होता: तिचं पूर्ण नाव, सहायक शिक्षिका, शाळेचं नाव, भातकुली, जिल्हा अमरावती.

तिने परत एकदा सगळे मेल पाहिले. त्या उत्तरानंतर देवानंदने काहीच लिहिलं नव्हतं.

"पाह्य, त्याच दिवसापासून गप हाय ना?" भागीरथाबाईंचा चेहरा उजळला. "सुधरला असंन माय तो."