छत्तिसांतले चौदा

प्रिंटर घरात आल्यावर आपल्या पदरात काय काय पडणार, हे थोरलीने दुकानाची पायरी चढायच्या आधीच मांडून ठेवलं होतं. एक तर धाकट्या जावेचं नाक चांगलं खाली होणार होतं, कारण ती सुचवेल ते यंत्र थोरली घेऊ देणार नव्हती. यंत्राची वही थोरलीकडे राहणार होती. आणि वही जिच्याकडे, घरात शब्द तिचा, हे तिला नोकरीतल्या एकोणीस वर्षांनी शिकवलं होतं.

थोरली कारखान्यात स्टोअरकीपर होती. जुना नट जमा केल्याशिवाय नवा द्यायची नाही. कामगार म्हणायचे, बाईंकडे सुई मागायला जाताना फाटलेलं कापड घेऊन जा, तोंडी सांगितलेलं चालत नाही. धाकटीचं चौकात पार्लर होतं. तिच्या फोनमध्ये अकरा हजार फोटो होते आणि त्यांतल्या नऊ हजारांत ती स्वतः होती, असं आपलं थोरलीचं मत. घर एकच, पण चुली दोन. थोरलीचं बिऱ्हाड पुढच्या बाजूला, धाकटीचं मागच्या, आणि मधल्या खोलीत सासूबाई, ज्यांना दोघी आईच म्हणायच्या.

प्रिंटरची कल्पना आईंची. धाकटीचा जुना फोन बादलीत पडला आणि वर्षभराचे फोटो धुऊन निघाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोनचा काय भरवसा. घरी छापता येतात म्हणे. लहानसं मशीन घ्या, तिसरा वाटा माझा." ज्या बाईने सात वर्षांत, म्हणजे सासरे गेल्यापासून, स्वतःसाठी साधी उशी मागितली नव्हती, तिने वाटा देऊ करावा याचं दोघींना नवल वाटलं. पण पैसे येताहेत म्हटल्यावर नवल फार वेळ टिकलं नाही.

दुकानात तिघी गेल्या. नवऱ्यांना नेलं नाही. थोरलीच्या मते ते दोघे खरेदीत पिशवी धरण्यापुरतेच. दुकानदाराने तीन यंत्रं पुढ्यात मांडली. पहिलं शाईचं, चांगलं पेटीएवढं. "रोज वापरा, नाहीतर शाई नळीतच वाळते," तो म्हणाला. रोज कोण वापरणार? ते मागे गेलं. दुसरं तळहाताएवढं. फोटोही काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, मागून सोलून भिंतीला चिकटवायचा. धाकटीने ते उचललं ते खाली ठेवेचना.

"ताई, किती गोड आहे बघा."

"गोड आहे. पण यात आईंचा चेहरा वाटाण्याएवढा येईल."

"वाटाण्याएवढा कुठे, चांगला बोराएवढा येतो."

तिसरं यंत्र पोस्टकार्डाच्या मापाचे फोटो काढणारं. शाई नाही, आत रंगीत रिबन. दुकानदाराने नमुना काढून दाखवला. कागद बाहेर आला तो नुसता पिवळा. पुन्हा आत गेला आणि तांबूस होऊन आला. तिसऱ्या खेपेला निळा रंग चढला आणि कोणाचं तरी अनोळखी मूल हसू लागलं. चौथी खेप चकाकीची, पाण्याने डाग पडू नये म्हणून.

"एका रिबनीत छत्तीस फोटो, पाकिटात कागदही छत्तीस," दुकानदार म्हणाला. "दोन्ही एकदमच संपतात. आणि एक सांगतो, संपलेली रिबन अशीच फेकू नका, कापून फेका. छापलेला प्रत्येक फोटो तिच्यावर उमटलेला राहतो. उजेडात धरला की दिसतो."

तो सावध करत होता. थोरलीने ऐकलं ते वेगळंच. जे यंत्र स्वतःच स्वतःची पावती ठेवतं, त्याहून चांगलं यंत्र जगात कुठे असणार?

आईंनी एवढंच विचारलं, "वजन किती? एका हाताने उचलता येईल का? फोटो किती वर्षं टिकतो?"

"कंपनी तर शंभर म्हणते, आजी."

"तेवढी नकोत रे मला," आई म्हणाल्या, आणि तिघीही हसल्या. मग धाकटीकडे न बघता त्या म्हणाल्या, "हेच घेऊ. थोरली म्हणते ते बरोबर आहे."

थोरलीने हा विजय जमेच्या बाजूला टाकला.

मशीन मधल्या खोलीत आईंच्या टेबलावर बसलं, कारण ती जागा दोन्ही बिऱ्हाडांच्या हद्दीबाहेरची. शेजारी वही आणि झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा. नियम थोरलीचे: फोटो काढला की वहीत नाव लिहायचं, डब्यात पैसे टाकायचे, डबा महिनाअखेरी तिनेच उघडायचा.

घरात नियम काही नवे नव्हते. आईंच्या जेवणाचा तक्ता थोरलीच्या फ्रिजवर सात वर्षं लटकत होता. एक ते पंधरा थोरलीकडे, सोळा ते तीस धाकटीकडे. भांडण फक्त एकतीस तारखेचं. थोरलीचं म्हणणं, फेब्रुवारीत धाकटीचे दोन दिवस वाचतात, तेव्हा एकतीस तिने घ्यावी. धाकटीचं म्हणणं, थोरलेपणा मिरवायला हवा तर एकतिसावा दिवसही थोरल्यांनीच घ्यावा. शेवटी त्या चौकटीत थोरलीने प्रश्नचिन्ह काढलं, आणि ते तसंच राहिलं. अडलं मात्र कोणाचंच नाही. आई एकतीस तारखेला सकाळीच पिशवी घेऊन मैत्रिणीकडे जात आणि दिवेलागणीला परत येत. "हौस आहे त्यांना," थोरली सांगायची. धाकटीही तेच सांगायची. एवढ्या एका गोष्टीवर दोघी जावांचं एकमत होतं.

तर सत्तावीस तारखेला, रविवारी दुपारी, थोरली भाचीचा फोटो काढायला बसली आणि मशीनने कागद संपल्याचं सांगितलं. तिने वही बघितली. बावीस नोंदी. दोनदा मोजल्या, बोट ठेवून मोजल्या. छत्तिसांतून बावीस गेले, राहिले चौदा. पण पाकीट रिकामं.

तिच्या अंगात स्टोअर संचारलं. तिने धाकटीला हाक मारली.

"चौदा फोटो कुठे गेले?"

"मला काय माहीत ताई. तुमच्या वहीला विचारा."

"पार्लरच्या भिंतीवर सजवलेल्या नवऱ्या लावायच्या म्हणत होतीस ना परवा? त्यांचं काय झालं?"

"नवऱ्या मी बाहेरून छापून आणल्या. पावती आहे. दाखवू?" धाकटी हात पुसत दारात उभी राहिली. "बारा वर्षं बघतेय. तुमच्याकडचं काही हरवलं की ते माझ्याकडेच सापडायला पाहिजे. सापडत नाही तो भाग वेगळा."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या त्या. कानावर पडलेलं ओठांवर आणायचं नाही ही त्या नोकरीची अट, ती त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. पण आज त्या म्हणाल्या, "थोरले, जाऊ दे. चौदाच तर आहेत."

"चौदाचा प्रश्न नाही आई. आज चौदा, उद्या चाळीस." ती धाकटीकडे वळली. "माझ्याकडे साक्षीदार आहे. तुझा फोटो निघाला तर मशीन माझ्या खोलीत जाईल."

"आणि नाही निघाला तर?"

"तर वही तुझी."

असली पैज थोरली कधी लावत नसे. पण हरायची शक्यता शून्य असेल तर तिला ती पैज म्हणतच नसे.

तिने रिबनीची डबी काढली, स्क्रू ड्रायव्हरने कड उचकटली आणि वापरलेली बाजू ओढायला सुरुवात केली. पिवळा तुकडा, तांबूस तुकडा, निळा तुकडा, मग कोरा, पुन्हा पिवळा. पिवळ्यात काही कळत नव्हतं, पण निळा खिडकीच्या उजेडात धरला की चित्र नीट दिसे, फक्त उलटं: काळं ते पारदर्शक, पांढरं ते निळं. शेवटचा फोटो आधी हाती येत होता. भाचीचा वाढदिवस, वहीत होता. धाकटीच्या नवऱ्याची मोटारसायकल, तीही होती. थोरली वहीवर खुणा करत गेली. धाकटी हाताची घडी घालून उभी.

सातवं चित्र वहीत नव्हतं.

"ही बघ," थोरली म्हणाली आणि तुकडा वर धरला. पण नवरी नव्हती. माणूसच नव्हतं. एक दार होतं, आणि त्याच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा. मधल्या खोलीचं दार.

पुढच्यात स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्यातली कुंडी. त्यानंतर मागच्या जिन्याची वरची पायरी, सासरे बसून बूट घालायचे ती. मग त्यांची खुंटी, रिकामी. मग नळ, ज्याला आई रोज फडकं बांधायच्या. थोरली ओढत होती आणि रिबन जमिनीवर साचत होती. घराचे असेच कोपरे निघत गेले, आणि वहीत नसलेल्यांची तिची मोजणी सुरूच होती, कारण ती थांबवणं तिच्या हातात नव्हतं: नऊ, दहा, अकरा.

"हे कोण काढेल?" धाकटी हळूच म्हणाली. घडी सुटून ती आता जवळ आली होती.

बाराव्यात एक निळा कागद होता, आखलेला. अक्षरं उलटी होती. धाकटीने तुकडा फिरवून धरला, तशी ती सरळ झाली. फ्रिजवरचा तक्ता होता तो, थोरलीच्या अक्षरातला. एक ते पंधरा. सोळा ते तीस. आणि खाली, एका मोकळ्या चौकटीत, प्रश्नचिन्ह.

तेरावा तुकडा आईंच्या पलंगाचा होता. चौदाव्यात एकाच कागदावर चार चेहरे होते, सारखेच, समोर बघणारे, अर्ज-करारांना लावतात तसे. केस निळे, म्हणजे पांढरे. चष्मा काढलेला.

दोघींनी एकदम खुर्चीकडे बघितलं.

"नोंद करायची राहिली," आई म्हणाल्या. "वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना. पैसे टाकलेत मात्र. डबा उघड."

थोरलीने महिनाअखेरीचा नियम मोडला. तळाशी चिठ्ठीत गुंडाळलेली नाणी होती, चिठ्ठीवर १४. मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजली. बरोबर होती. दमडी इकडची तिकडे नव्हती.

"हे चार फोटो कशाला आई?" धाकटीने विचारलं.

"भाडेकराराला. एक्सचेंजमधली माझी मैत्रीण आहे ना, तिच्याकडे दुसरी खोली आहे. अर्धं भाडं माझ्या पेन्शनमधून. एकतीसला जाते आहे."

"एकतीसला?"

"त्या दिवशी मी कोणाच्याच वाट्याला नसते. म्हटलं, कोणाचा दिवस फुकट जायला नको."

हे त्यांनी टोमण्यासारखं म्हटलं असतं तर बरं झालं असतं; टोमणा परतवता येतो. त्यांनी वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. थोरली पलंगाच्या कडेला बसली. तिला आठवलं, मशीन एका हाताने उचलता येईल का, असं कोणीतरी दुकानात विचारलं होतं आणि आपण ते कानाआड केलं होतं.

"मशीन न्या हवं तर," ती म्हणाली.

"नको ग. आधी तसं मनात होतं. पण माझे झाले काढून. तुम्हाला लागेल ते."

"आई, एकतीस आमच्याकडे. तक्त्यावर आत्ता लिहिते."

"तुमच्याकडे का? आमच्याकडे," धाकटी म्हणाली. "मीच म्हणणार होते."

"तू कधी म्हणणार होतीस? सात वर्षं होती की."

"आणि ते प्रश्नचिन्ह कोणी काढलं, ताई?"

आई हसल्या. "बघा, दर महिन्याला मला हे भिंतीपलीकडून ऐकू यायचं. लाइन जोडलेलीच असायची. तिथे काय आहे सांगू? तिथे एकतीस तारखेलाही जेवण असतं. बाकी तुम्ही वाईट नाही कोणी. येत जाईन मी, पाहुणी म्हणून. पाहुण्याला तारीख बघून वाढत नाहीत."

त्या उठल्या, जमिनीवरची रिबन गोळा करून थोरलीच्या मांडीवर ठेवली आणि कात्री शोधून वर ठेवली. "कापून टाक. दुकानदार म्हणाला होता." मग पाणी प्यायला आत गेल्या.

धाकटीने वही मागितली नाही. पैज ती जिंकली होती, पण ती वही कोणी तिच्या हातात दिली असती तरी तिने टेबलावर परत ठेवली असती.

थोरलीने कात्री उचलली नाही. तिचं डोकं आपल्या सवयीने चालतच होतं. वर्षात एकतीसचे महिने सात. वर्षं सात. एकोणपन्नास दिवस. प्रिंटरचे तीन वाटे चुकते, छत्तीस फोटो चुकते, डबा बरोबर. त्या एकोणपन्नास दिवसांपैकी एकही तिच्या खर्चात पडला नव्हता, एकही धाकटीच्या नाही. ते सगळे एका परक्या बाईने भरले होते, आणि तिचं नाव काय, हे दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं.