उबदार पांढरा

या सगळ्या प्रकरणात वायरमनला मिळणार होते अवघे दोन शब्द. तेही त्याच्या आईकडून.

चमत्काराच्या मागे लोक लागतात ते दुखणं बरं व्हावं म्हणून, कोर्टातला दावा निकालात निघावा म्हणून, गेलाबाजार पोरगा पास व्हावा म्हणून. वायरमनला यातलं काही नको होतं. सात वर्षांपूर्वी त्याने आपल्या पसंतीने एका शिक्षिकेशी लग्न केलं, आणि त्या दिवसापासून आईने त्याच्याशी अबोला धरला. घर एक, चूल एक, पण बोलणं बंद. नात बोलायला लागल्यावर तर आईची सोयच झाली.

"चिमणे, तुझ्या बापाला सांग, नळ गळतोय."

बाप तीन हातांवर बसलेला.

"चिमणे, आजीला सांग, दुपारीच वायसर बदललाय."

चिमणी सहा वर्षांची. ती दोन्हीकडे मान वळवायची आणि सांगायची, "दोघांनाही ऐकू आलंय."

अशा घरात, अशा हिवाळ्यात, गावाबाहेरच्या मैदानावर उजेडबाबा अवतरले.

थंडी अशी पडली होती की सकाळी बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा यायचा. तरी संध्याकाळी मैदान गच्च. माईक आणि दिवे लावायचं काम वायरमनकडे होतं, म्हणून तो व्यासपीठाच्या पायरीशी उभा होता. बाबांनी तांब्यातल्या पाण्यात हात बुडवले, एक पांढरा बल्ब उचलला, तळहातावर उभा धरला, आणि बल्ब पेटला! मैदानातून "आऽऽ" असा एकच आवाज निघाला.

"वायर दिसते?" बाबांनी विचारलं.

"नाऽही!"

"होल्डर? बटण?"

"नाऽही!"

"मग कशावर पेटला? आणि पेटलाय तर माझा हात भाजत का नाही? कारण हा शीतल अग्नी आहे! हाताला गार, हाडाला ऊब. आणि हे मी म्हणत नाही बरं. खोक्यावर कंपनीनेच छापलंय. वाचा रे कोणीतरी!"

पुढच्या रांगेतल्या शिंप्याने खोकं डोळ्यांशी नेलं. "उबदार... पांढरा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कंपनीने बाबांना साक्ष दिली म्हटल्यावर आणखी काय हवं?

"मात्र," बाबांनी बोट वर केलं, "ज्याच्या मनात संशय, त्याला ही ऊब लागायची नाही. आणि शेजारी दुसरा विस्तव आला की ही रुसते. शेगडी नको, शेकोटी नको, जुना बल्बही नको. आता सांगा, लागते का ऊब?"

आता कोण माईचा लाल म्हणणार होता की आपले पाय गारठलेत? "लागते, लागते!" असा गजर झाला. शिंप्याच्या बायकोने तर अंगावरची शाल सैल करून पदराने वारा घेतला.

मग बाबांनी चार जणांना वर बोलावलं. थंडीने भेगाळलेले, कोरडे ठक्क हात. बल्ब काही पेटेना. "पापाची पुटं, दुसरं काय!" बाबा हळहळले आणि त्यांची नजर वायरमनवर पडली. "अरे, विजेच्या लेकरा, तू ये!"

वायरमनने बल्ब हातात घेतला आणि त्याला हसूच आलं. असले बल्ब त्याने निम्म्या गावात बसवले होते. लाईट गेली तरी चालू राहणारे. आत बॅटरी असते. बुडाशी शिशाचे दोन ठिपके असतात. त्यांच्यावर ओला अंगठा टेकला की आतलं सर्किट जोडलं जातं आणि बल्ब लागतो. त्याचे हात माईकच्या दांडीवरचं दव पुसून ओलेच होते. अंगठा बरोबर जागेवर गेला. लख्ख उजेड पडला.

माईक त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. त्यानेच लावलेला. पण तेवढ्यात त्याला पुढच्या रांगेत आई दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती त्याच्याकडे पाहत होती. चिमणीकडे नाही, भिंतीकडे नाही, त्याच्याकडे. सात वर्षांत पहिल्यांदा.

त्याने तोंड मिटून घेतलं.

घरी आल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "जेवलास का?"

हेच ते दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी आईने बाबांकडून दोन बल्ब विकत आणले, एक घरासाठी आणि एक अण्णांसाठी. अण्णा, म्हणजे वायरमनचे वडील, लाकडाच्या वखारीवर रात्रपाळीचे रखवालदार होते. फाटकाशी त्यांची तीन भिंतींची टपरी. चौथ्या बाजूला नुसता वारा. पाच वर्षांपूर्वी वायरमनने तिथे गुडघ्याच्या उंचीवर दोनशे वॅटचा जुन्या तऱ्हेचा बल्ब लावून दिला होता, वर पत्र्याची टोपी. तो बल्ब कसला, शेगडीच ती. टोपीला हात लावला की चटका बसायचा. अण्णा तिच्यावर हातमोजे वाळवायचे. "लेकाने मला घरजावई सूर्य आणून दिलाय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

तो सूर्य आईने उतरवला आणि त्या जागी नवा बल्ब लावला. उजेड पहिल्यापेक्षा स्वच्छ पडला. थंडीत असले बल्ब उलट जोमात चालतात. बाहेर लावायला त्यांच्यासारखे दिवे नाहीत. आईने विचारलं, "लागते का हो ऊब?"

"लागते की!" अण्णा म्हणाले. "घाम पुसायला रुमाल ठेवून जा."

घरी राहिलेल्या दुसऱ्या बल्बाशी चिमणी खेळत होती. ती हात धुऊन आली, बल्ब उचलला आणि किंचाळली, "पप्पा! माझ्या हातात पण लागला! मी पण बाबा!"

वायरमनने दार लोटून घेतलं. "हळू. आजीला सांगू नकोस."

"का?"

वायरमनने बल्ब तिच्या हातातून काढून फडताळात ठेवला. बायकोने हे ऐकलं होतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. रात्रीची भांडी घासताना ती म्हणाली, "अरे, पोरीला कळलं ते तुला कळत नाही असं थोडंच आहे? सांगून टाक. त्या टपरीत वाऱ्याला आडोसा नाही."

"सांगतो ना. जरा चार दिवस जाऊ देत. आई आत्ता कुठे बोलायला लागलीय."

"आणि अण्णांचा खोकला?"

"कांबळं आहे त्यांच्याजवळ."

तरी त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो जुना बल्ब पिशवीत घालून वखारीवर गेला. अण्णा दोन्ही हात काखेत घालून बसले होते. ओठ निळसर.

"अण्णा, खरं सांगा. ऊब लागते?"

अण्णा हसले. "ट्यूबलाईटखाली बसून कोणाला कधी घाम आलाय का रे? मी म्हातारा झालोय, खुळा नाही."

"मग आईला सांगत का नाही?"

"तू का सांगत नाहीस?"

वायरमन पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. मग अण्णाच म्हणाले, "सात वर्षं मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवलो. एकाने मीठ मागायचं, दुसऱ्याने ते मला द्यायचं, मी पहिल्याला द्यायचं. या आठवड्यात पहिल्यांदा मला नीट जेवता आलं. ते तेवढं राहू दे."

"हा जुना लावून देतो. गुपचूप."

"सकाळी डबा घेऊन येते ती. बघेल. म्हणेल, यांना संशय आला." अण्णांनी पिशवी परत त्याच्या हातात दिली. "उद्या बघू."

वायरमन पिशवी घेऊन परतला. त्या पिशवीचं वजन पाव किलोसुद्धा नव्हतं.

सकाळी वखारीवर आलेल्या ट्रक-ड्रायव्हरने फाटकाशी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग उतरून पाहिलं. वायरमन धावत पोहोचला तेव्हा अण्णा भिंतीला टेकून बसलेले होते. हाक मारली तर डोळे उघडायचे, ओळख नाही. बल्ब पेटलेला होता. लख्ख. आणि त्याच्यापासून वीतभर वर असलेल्या पत्र्याच्या टोपीवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर जसाच्या तसा होता. ज्या टोपीने पाच हिवाळे हातमोजे वाळवले, तिच्यावर हिम.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेकायला काय होतं यांच्याजवळ?"

आई म्हणाली, "बल्ब."

"कसला?"

आईने खोकं पिशवीतून काढलं. ती ते बरोबर बाळगत होती. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. मग सावकाश म्हणाल्या, "आजी, हे उबदार म्हणजे रंग. पिवळसर उजेड आणि निळसर उजेड ओळखता यावा म्हणून लिहितात. जसं आपण गाजरी रंग म्हणतो. त्यात गाजर नसतं."

आईने ते ऐकलं, पण ते तिच्या आत उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. थंडीने अंग गार पडलं, त्यावर फुप्फुसांनी दगा दिला. खोलीच्या कोपऱ्यात बसून आई एकच वाक्य पुटपुटत होती. वायरमनने कान जवळ नेला.

"मी एकदा हात लावून पाहिला रे. गार लागला, हाडालाही ऊब नाही. माझ्या मनात संशय आला. माझ्या संशयाने गेले ते."

तेव्हा वायरमनला कळलं की आपण गप्प राहून काय केलंय.

पुढच्या सभेला उजेडबाबांनी त्याचंच भांडवल केलं. "पाहिलंत? एका घरात संशय शिरला आणि काय झालं!" आई मान खाली घालून ऐकत होती. गावातल्या सगळ्या रात्रपाळीवाल्यांच्या टपऱ्यांत तोवर बाबांचे बल्ब लागले होते. वखारीवर आलेल्या नव्या रखवालदारालाही तोच बल्ब मिळाला होता.

माईक वायरमननेच लावला होता. तो व्यासपीठावर चढला आणि त्याने तो हातात घेतला.

"चिमणे, वर ये. हात ओले कर."

चिमणीने बाबांच्याच तांब्यात हात बुडवले, बाबांचाच बल्ब उचलला. लख्ख.

"या पोरीला मागच्या महिन्यात शाळेत उठाबशा काढायला लावल्या होत्या," तो म्हणाला. "तरी पापाचं पुट नाही. पाणी लागतं फक्त. तुमचे हात थंडीने कोरडे, म्हणून लागला नाही." त्याने दुसरा बल्ब फोडून आतली बॅटरी वर धरली. "हे बाबांचं तेज. चार्ज केलेलं."

"नास्तिकाच्या हातात अग्नी खेळ करतो!" बाबा ओरडले.

"मग पोरीच्याही पाया पडा!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि आठवडाभर घाम पुसणारी माणसं हसायला लागली.

वायरमन हसला नाही. त्याने दोन होल्डर मांडले. एकात अण्णांचा जुना बल्ब, एकात बाबांचा. दोन्हींवर पत्र्याच्या टोप्या, टोप्यांवर बादलीतून काढलेला बर्फाचा एकेक तुकडा. "शंभर भाग वीज या जुन्याला दिली तर नव्वदांहून जास्त भागांची नुसती उष्णता होते. उजेडाच्या हिशेबाने हा उधळ्या. पण अण्णांना उधळ्याच हवा होता. हा नवा मुळात वीजच थोडी घेतो, आणि त्यातला मोठा वाटा उजेडाला लावतो. काटकसरी, गुणी बल्ब. अंगणात लावा, रस्त्यावर लावा, कडाक्याच्या थंडीत लावा. पण त्याच्यापुढे शेकायला बसू नका. बघा आता."

मैदान दोन बर्फांकडे टक लावून बघत होतं. दहा मिनिटांत जुन्या टोपीवरून पाण्याची धार लागली. नव्या टोपीवरचा तुकडा जागच्या जागी बसून राहिला.

"मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं," वायरमन म्हणाला. "बाबांनी तुम्हाला फसवलं ते त्यांच्या फायद्यासाठी. मी गप्प राहिलो ते माझ्या. हात लावून गार लागलं तर गार म्हणा. कोणाचं मन राखायला गारला गरम म्हणू नका. माझी आई संशय घेऊन चुकली नाही. या मैदानात ती एकटी बरोबर होती."

बाबांची गाडी कधी निघून गेली ते कोणी पाहिलं नाही. शिंप्याची बायको शाल घट्ट लपेटत घरी गेली. नव्या रखवालदाराच्या टपरीत त्याच संध्याकाळी वायरमनने जुना बल्ब लावला.

घरी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात खोकं होतं. तिने अंगठा ओला केला, बल्बाच्या बुडाला टेकवला, उजेड पडला, आणि तिने तो दूर करून विझवला. पुन्हा लावला. पुन्हा विझवला.

"मी सात वर्षं बोलले नाही," ती म्हणाली. "तू सातच दिवस बोलला नाहीस. माझ्यापेक्षा तुझा अबोला महाग पडला रे."

मग तिने पानं मांडली. सवयीने मध्ये एक जागा सोडली गेली. मीठ वायरमनपाशी होतं, ते आईला हवं होतं, आणि द्यायला मध्ये कोणी नव्हतं.

हिशेब असा राहिला. उजेडबाबांना एक गाव मिळालं, ते सुटलं, दुसरं मिळेल. आईला नवऱ्याच्या बदल्यात मुलगा मिळाला. वायरमनला दोन शब्द मिळाले. किंमत भरली ती अण्णांनी, ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं. त्यांना मिळालं ते फक्त सहा दिवसांचं नीट जेवण.