सद्वर्तनाचे पदक परत जाते

मित्रांनो, मी सैन्यातले एक जुने पदक आहे. शौर्याचे नव्हे, सद्वर्तनाचे. पंधरा वर्षांत ज्याच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा, म्हणजे शिक्षेची नोंद नाही, त्यालाच मी मिळते.

टाकसाळीत माझ्यावर ठसा उमटला आणि एका सकाळी साहेबांनी मला एका ट्रकचालकाच्या छातीवर लावले. टाळ्या वाजल्या. त्याचे काळीज मात्र माझ्याखाली धडधडत राहिले.

त्यानंतर त्याने मला कधी लावले नाही. बाकीची पदके कोटावर आणि मी कपाटाच्या खणात. दर आठ-पंधरा दिवसांनी तो मला काढी, पुसे, परत ठेवी. मलाही चैन पडेना. माझ्यात काय खोट आहे, तेच कळत नव्हते.

निवृत्तीनंतर एके दिवशी मला खिशात घालून तो बसने एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणजे सैन्यातला त्याचा जोडीदार. तो पंक्चर काढत होता. माझ्या मालकाने मला त्याच्या पुढ्यात ठेवले.

"हे तुझं आहे. छावणीच्या फाटकाला ट्रक मी धडकवला आणि तू सांगितलंस की तूच चालवत होतास. लाल शेरा तुला बसला."

"तुझी पोर दवाखान्यात होती. शिक्षा झाली असती तर तुझी सुट्टी गेली असती," जोडीदार म्हणाला. "कशी आहे ती?"

"तिलाच आता मुलगी झालीय."

"मग झालं तर. ने हे घरी."

"नेऊन काय करू? बघवत नाही मला त्याच्याकडे."

जोडीदाराने बराच वेळ हात पुसले. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? तो शेरा मलाही टोचतो. माझा लेक अजून विचारतो, बाबा, तुम्ही नेमकं काय केलं होतं?"

घरी येताच मालकाने पलटणीच्या कार्यालयाला सगळे लिहून कळवले.

"एवढ्या वर्षांनी? लोक काय म्हणतील?" बायकोने विचारले.

"म्हणू देत."

आज उत्तर आले. पदक परत पाठवा. जोडीदाराच्या शेऱ्याचा फेरविचार होईल.

मित्रांनो, मी आता पाकिटात आहे. मला वितळवतील की फडताळात टाकतील, ठाऊक नाही. आम्हा पदकांना घासूनपुसून ठेवा, एवढेच सांगून मी थांबणार नाही. तुमच्यासाठी कुणी दोष आपल्या अंगावर घेतला असेल, तर त्याच्याकडे लवकर जा. माझ्या मालकाला बावीस वर्षे लागली.