दुरावला की दगावला

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारावर चिठ्ठीत आपला धंदा आणि दुखणं लिहून पेटीत टाकायचं, आत जाऊन बसायचं, आणि अर्ध्या तासात तेच व्यासपीठावरून ऐकून थक्क व्हायचं. व्यासपीठावरच्या त्या उपदेशकाला चर्चची मंडळी 'देवाचा माणूस' म्हणत. तो डोळे मिटे, मान कलती करी आणि म्हणे, "प्रभू मला दाखवतोय... डावा गुडघा... जिना चढवत नाही..." की एखादी मावशी रडत उठलीच म्हणून समजा.

मागच्या बाकावर म्हातारा कंपाउंडर एकटाच बसला होता. डॉक्टरांची किडामुंगी अक्षरं वाचून औषधं देण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. बायको वारली, मुलगा भांडून गेला, त्याला सहा वर्षं झाली. ज्याला स्वतःचं घर धड राखता आलं नाही तो मंडळी काय राखणार, असं म्हणून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी त्याला पंचपदावरून बाजूला केलं, तेव्हापासून शेजारी कुणी बसत नसे. घरी बोलायला एक रेडिओ होता, तोही एकतर्फी.

"प्रभू एक बाप दाखवतोय," देवाचा माणूस म्हणाला. "औषधांचा वास येतोय. बाबा, तुमचा मुलगा दगावला ना? रडू नका. तो प्रभूच्या मांडीवर सुखात आहे."

माना वळल्या. पुढच्या बाकावरची मावशी उठून त्याला खेटून बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

"इतकं दुःख एकट्याने गिळलंत हो," ती म्हणाली.

एका पंचाने खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत कंपाउंडरला कुणी शिवलं नव्हतं. मुलगा मेलेल्या बापाला मान होता, मुलाने टाकलेल्या बापाला नव्हता. नुसतं आमेन म्हटलं की झालं. त्याला गप्प बसावंसं वाटलं, फार वाटलं.

पण जिवंत पोराला मारून मिळालेली ऊब घशाखाली उतरेना. चिठ्ठीत त्याने 'मुलगा दुरावला' असं लिहिलं होतं. हात थरथरतो. उकार 'द'च्या पोटात गेला असणार, 'रा'चा 'गा' झाला असणार. मनातलं वाचणाऱ्याला अक्षर कशाला लागेल? हे कुणीतरी कागदावरून वाचलं होतं.

तो उठला, पुढे गेला आणि चिठ्ठ्यांची पेटी जिथे नेली होती, त्या व्यासपीठामागच्या खोलीचं दार त्याने सताड उघडलं. आत देवाच्या माणसाची बहीण पाठमोरी बसली होती. समोर चिठ्ठ्या, हातात माइक, दोन्ही कानांवर हेडफोन. दार उघडल्याचा तिला पत्ताच नव्हता.

"कंबर. शिवणकाम," ती खणखणीत म्हणाली.

"प्रभू एक कंबर दाखवतोय," लाउडस्पीकर म्हणाला. "शिवणकाम करणारी..."

"नवरा पितो."

"नवरा पितो!"

पहिल्या रांगेत कुणी फिसकन हसलं. देवाच्या माणसाने मागे पाहिलं. केसांआड कानात दडवलेलं वाटाण्याएवढं यंत्र काढताना ते हातातून निसटलं आणि घरंगळत पहिल्या रांगेत बसलेल्या पाळकांच्या बुटाशी थांबलं.

"माझा मुलगा जिवंत आहे," कंपाउंडर म्हणाला. "मीच त्याला घराबाहेर काढलं. चूक माझी होती."

खांद्यावर हात ठेवणारा पंच खाली बघू लागला. पाळकांनी ते यंत्र उचललं. "मग देवाचा माणूस ओळखायचा तरी कसा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या दुकानात अक्षर लागलं नाही, तर डॉक्टरला विचारतात. अंदाजाने बाटली दिली तर माणूस जातो. गुडघा दुखतो ना, दवाखान्यात दाखवा. तुमचं गुपित कुणी सांगितलं, तर तुला कुठून कळलं, हे आधी विचारा. आणि देवाचा माणूस म्हणाल, तर माहीत नसेल तेव्हा तो सरळ 'माहीत नाही' म्हणतो."

तो मागच्या बाकापाशी आला, तेव्हा मावशी अजून त्याच्या रिकाम्या जागेशेजारीच बसली होती. "मुलगा परत येईल का हो?" तिने हळूच विचारलं.

कंपाउंडरने तिच्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि एकटाच पायऱ्या उतरून गेला.