कार्डावरचा पत्ता

दवाखान्याची गाडी मी एकवीस वर्षं चालवतोय. पेशंट आणायचे, रक्ताच्या बाटल्या पोचवायच्या, आणि कुणी बाळंत झाली की नर्सबाईला तिच्या घरी न्यायचं. गावात कोण कुठं राहतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणजे सांगता येईल. सांगत नाही.

स्तानियाला मी याच गाडीतून दोनदा आणली. एकदा हात मोडलेला, एकदा गालाचं हाड. दोन्ही वेळा म्हणाली, जिन्यावरून पडले. त्यांच्या घराला जिना नाही. मला माहीत नसायला काय झालं, त्या घराचा मी कुम. आमच्यात लग्नात नवऱ्याच्या शेजारी उभा राहतो तो कुम. माझा बाप तिच्या सासऱ्याचा कुम होता, मी तिच्या नवऱ्याचा, मिलादिनचा. आधी देव, मग कुम, असं म्हणतात. या नात्यात कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं.

तिसऱ्यांदा मला तिला आणावी लागली नाही. पोटात सहा महिन्यांचं असताना ती घरातून निघून गेली. नदीपलीकडे, बंद पडलेल्या चामड्याच्या कारखान्यामागं दोन खोल्या घेतल्या. मिलादिननं तिच्या जवळ फिरकायचं नाही, असा कोर्टानं कागद दिला. कागदाला काय, चार आण्याची भीती नाही वाटत कुणाला. तो पोचत नव्हता तो एवढ्यासाठीच, की त्याला पत्ता ठाऊक नव्हता.

आठव्या महिन्यात ती नाव घालायला आली. कार्डांच्या खिडकीत आमची देसांका बसते. तीस वर्षं तिथंच. बाई दिलदार, पण तोंडाला बूच नाही.

"पत्ता?"

"तो नका लिहू," स्तानिया म्हणाली.

"अगं, मग नर्स कुठं येणार? माझ्या घरी?"

स्तानियानं माझ्याकडं बघितलं. मी तिथंच खिशात काडेपेटी चाचपत उभा. आणि मी शहाणा म्हणालो, "सांग, पोरी. दवाखाना आहे हा, दारूचा गुत्ता नाही. इथलं इथंच राहतं."

तिनं सांगितला. देसांकानं कार्डावर लिहिला आणि कार्ड खणात टाकलं. त्या खणाला कुलूप नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मुलगी झाली. आठवड्यानं मिलादिन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, बरोबर प्लमची दारू घेऊन.

"कुम, मला पोरगी झाली म्हणे."

"झाली. ठणठणीत आहे."

"नर्सला तूच नेतोस ना तिकडं?"

"नेतो."

"मग?"

"मग काय? गाडी चालवतो मी. पत्ते वाटत नाही."

हसला. "अरे, बाप आहे मी तिचा. चोर आहे का?"

"चोर असतास तर एक वेळ सांगितला असता. चोर वस्तू उचलतो आणि जातो."

त्यानं पेला खाली ठेवला. "मला नाही म्हणतोस? तुझा बाप वरून बघतोय, रादोये."

"बघू दे की. लग्नात मी तुझ्या एकट्यासाठी नव्हतो उभा."

तो उठून गेला, बाटली तिथंच टाकून. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतरच्या मंगळवारी पावणेदहाला मी नर्सबाईची यादी आणायला कार्डांच्या खोलीत गेलो. देसांकाच्या तोंडात घास.

"घे रे, पोगाचा खा. मऊ आहे बघ कशी."

पोगाचा म्हणजे आमचा गोल जाड पाव. बाळंतिणीला बघायला जाताना हातात तो असायलाच लागतो. या पावावर कणकेची वेणी होती, वेणीच्या दोन्ही टोकांना अक्रोड. अशी वेणी गावात एकच बाई घालते. मिलादिनची आई, पेर्सिदा.

"हा कुठून आला?"

"पेर्सिदानं आणला. एक मला, एक सुनेला. काय रडली रे बिचारी! पाव भाजून तयार, आणि जायचं कुठं तेच माहीत नाही. सासूनं पोगाचा नाही न्यायचा, तर मग कुणी?"

"देसांका. तू पत्ता दिलास?"

"चिठ्ठीवर लिहून दिला. आजी आहे ती, दरोडेखोर नाही! आणि असा डोळे काय वटारतोस? नवरा-बायकोचं जुळलं तर तुझ्या पोटात दुखतं का?"

"किती वाजता दिलास?"

"आठला असेल."

नर्सबाई ओरडत राहिली, मी तिला तिथंच सोडून गाडी काढली.

स्तानियाच्या खोल्यांचं दार उघडंच होतं. म्हातारी पेर्सिदा चुलीपाशी नात मांडीवर घेऊन बसलेली, चेहरा नुसता फुललेला. स्तानिया खिडकीशी उभी. अंगात कोट, एक बटण चुकलेलं.

"बघ रादोये, नाक आमचंच की नाही?"

"काकू, चिठ्ठी तुम्हाला वाचून कुणी दिली?" म्हातारीला अक्षर दिसत नाही, हे मला ठाऊक.

"मिलादिन कामाला आहे त्या वखारीच्या फाटकाशी गेले, त्याच्याकडून घेतली वाचून. पण शपथ घातलीय हो त्याला! येणार नाही म्हणाला." मग बोलता बोलता तीच थांबली. बाळाच्या पाठीवर थोपटणारा हातही थांबला.

"त्याची पाळी कधी सुटते?"

"दोनला," म्हातारी म्हणाली. एवढुसा आवाज.

स्तानियानं तिच्या मांडीवरून पोर उचललं. कपड्यांची पिशवी मी घेतली. पाव टेबलावर राहिला, कापायचाच होता अजून.

गाडीत मी म्हणालो, "माझ्या बहिणीकडं सोडतो."

"तिचं घर त्याला ठाऊक नाही का?"

ठाऊक होतं. डोक्याचं दिवाळं निघालेलं माझ्या. मग मी गाडी बसस्टँडकडं घेतली. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "इथलं इथंच राहतं, म्हणाला होतात." ओरडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

स्टँडवर तीन बस लागल्या होत्या. धुकं एवढं, की पाट्या वाचता येत नव्हत्या.

"आता तुम्ही जा, कुम. मी कुठल्या बसमध्ये बसते ते बघायचं नाही."

"मी बोलेन असं वाटतं तुला? मला कापला तरी..."

"कापल्यावर सगळे बोलतात. माहीतच नसलं तर प्रश्न नाही."

मी गाडी वळवली. वळताना आरसा छताकडं फिरवला. तोंड मी दाबून धरीन, पण डोळ्यांची खात्री नव्हती.

अडीचला मिलादिननं त्या खोल्यांचं दार फोडलं. चारला माझ्याकडं आला. "कुठंय?" मी म्हणालो, माहीत नाही. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोललो. त्याला पटलं नाही. माझे समोरचे दोन दात गेले.

देसांकाला मोठ्या डॉक्टरांनी झाडलं, खणाला कुलूप आलं. किल्ली खिडकीतल्या खिळ्याला टांगलेली असते.

बाई दुसऱ्या गावाला गेली की तिथला दवाखाना इथून तिचं कार्ड मागवतो. बाळाची लशीची सुई दुसऱ्या महिन्यात असते, मग पुढच्या. मी रोज सकाळी खिडकीशी थांबतो.

"मागवलं का कुणी?"

"नाही रे," देसांका म्हणते. आता तीही खाली बघून बोलते.

पाच महिने झाले. कार्ड मागवायचं म्हणजे आधी कुठल्या तरी खिडकीत पत्ता सांगायला लागतो.