चिंधाभाऊंच्या चाळीस चिठ्ठ्या

इंग्रजी-मराठी कोशाचे काम मी धुळ्याच्या महाविद्यालयात शिकवीत असताना हाती घेतले, आणि निवृत्तीनंतर नवव्या वर्षी त्याची शेवटची मुद्रिते माझ्या टेबलावर आली. प्रकाशकाने दुरुस्तीसाठी आठ दिवस दिले होते. पाचव्या दिवशी मी ‘शार्पन’ या क्रियापदापाशी पोहोचलो. चाकूपासून बुद्धीपर्यंत आणि भुकेपासून भांडणापर्यंत त्याचे नऊ अर्थ मी ओळीने लावले होते. नोंद मला निर्दोष वाटत होती, म्हणून ती पत्नीला मोठ्याने वाचून दाखविली. सविता मेथी निवडीत होती. तिसऱ्या अर्थाशी तिने हात थांबविला.

“करवतीला धार लावत नाहीत हो. दात काढतात. माझं लहानपण लाकडाच्या वखारीशेजारी गेलंय.”

“या प्रयोगाला छापील आधार आहे,” मी म्हणालो.

“छापणाऱ्यानं करवत पाहिली नसेल.”

“मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत? आणि मी छापील नाही.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. शब्द वेगळे होते, एवढेच. सात वर्षांपूर्वी माझा जुना विद्यार्थी प्रशील या कामात मला मदत करीत असे. तो जळगावच्या मेहरूणचा. त्याचे वडील चिंधाभाऊ सायकलवर दगडी चाक बसवून गल्लोगल्ली सुऱ्या, कात्र्या, कोयते यांना धार लावून देत. माझ्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक अर्थासाठी जाड कागदाची एक चिठ्ठी असे. वर शब्द, मध्ये वाक्य आणि खाली उजव्या कोपऱ्यात ग्रंथकाराचे नाव व पृष्ठांक. प्रशीलने दिवाळीच्या सुट्टीत या एकाच क्रियापदाच्या चाळीस चिठ्ठ्या करून आणल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लिहिले होते, ‘चिंधा, धारवाले, मेहरूण’, आणि पृष्ठांकाच्या जागी तारीख.

मी गठ्ठ्यावर लाल शाईने ‘आधार नाही’ असे लिहून तो परत केला. आमचा वाद झाला.

“सर, ग्रंथकारांनी कधी कोयत्याला धार लावली नसेल तर?”

“लावून घेतली असेल. कोशाला त्यांची भाषा हवी, त्यांचा घाम नको.”

“म्हणजे काम वडिलांचं आणि शब्द ग्रंथकाराचा.”

मी त्याला प्रमाणग्रंथाची आवश्यकता पाऊण तास समजावून सांगितली. तो गठ्ठा घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही. तो वाद मी जिंकलो, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो.

आता माझ्यापाशी तीन दिवस होते. त्या चाळीस चिठ्ठ्या मिळाल्या तर नोंद सुधारता येईल आणि प्रशीलची क्षमाही मागता येईल, असा माझा हिशेब होता. तो चोपड्याच्या शाळेत शिकवतो आणि रविवारी घरी असतो, एवढे मला ठाऊक होते. रविवारी सकाळी मी चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या पिशवीत घालून जळगावची बस धरली. पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत मी क्षमायाचनेचे वाक्य तीनदा बदलले.

घर मेहरूणच्या तलावाच्या बाजूच्या एका अरुंद गल्लीत होते. ओट्यावर खाटेवर चिंधाभाऊ बसले होते. दीड वर्षापूर्वीच्या झटक्याने त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता. भिंतीला टेकलेल्या सायकलला दगडी चाक नव्हते. प्रशीलने मला पाहिले आणि आतून खुर्ची आणली.

“बठा गुरुजी,” चिंधाभाऊ म्हणाले. “कोशवाला तुम्हीच ना?”

मी नोंदीची अडचण सांगितली आणि त्या चिठ्ठ्या मागितल्या. चहा घेऊन आलेल्या द्रौपदाबाई, प्रशीलच्या आई, हसल्या.

“त्या? त्या त कापी टाक्यात यास्नी.”

मला कळेना. प्रशीलने सांगितले, “सर, सुरीला धार लागली की नाही ते गिऱ्हाइकासमोर कागद कापून दाखवतात. वडिलांनी त्या चिठ्ठ्या त्यासाठी वापरल्या.”

“कागद चांगला व्हता तुम्हना,” चिंधाभाऊ म्हणाले. “जाड. तेन्हावर सुरी चालनी ते गिऱ्हाईक बोलत नही.”

“पण भाऊ, त्यांवर तुमचे नाव होते.”

“व्हतं. वाचता येत नही, पन मनं नाव माले वळखता येस. खाले कोपराले ऱ्हाय. तठूनच सुरू करू मी.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला वाद तरी घालता आला असता.

मी कोरी चिठ्ठी काढली आणि पुन्हा सांगण्याची विनंती केली. त्यांनी सायकलकडे पाहिले. मग थांबत थांबत त्यांनी तीन वाक्ये सांगितली: करवतीचे दात काढतात, बोथटलेली कुदळ लोहाराकडून तापवून शेवटून, म्हणजे टोक काढून, आणतात, नवीन पाट्याला टाकी लावली की पहिले वाटण फेकून द्यायचे, नाहीतर खडे दाताखाली येतात. चौथ्याशी त्यांची जीभ अडली.

“चाक फिरे तवय तोंड चाले, गुरुजी. हाऊ पोऱ्या पायडल मारे, मी सुरी धरू, नि बोलू. आते हात बठना, ते तोंडबी बठनं.”

“चाक कुठे आहे?”

“भंगारमा गयं,” द्रौपदाबाई म्हणाल्या.

मी प्रशीलकडे वळलो. तो म्हणाला, “मला पाच-सहा आठवतील, सर, पण वडिलांच्या शब्दांत नाही. तुम्हीच आठवून पाहा. तुमची स्मरणशक्ती दांडगी. सगळ्या वाचल्याच होत्या तुम्ही.”

येथे मला खोटे बोलता आले असते. वयामुळे विस्मरण होते, एवढे म्हटले असते तरी कोणी शंका घेतली नसती.

“सहा वाचल्या होत्या,” मी म्हणालो. “कोपऱ्यातले नाव सगळ्यांवर एकच दिसले, म्हणून पुढे वाचल्या नाहीत.”

गल्लीतून केळ्यांची हातगाडी गेली. प्रशीलने हातातला कप खाली ठेवला.

“मला वाटायचं, चाळीसही वाचून नाकारल्यात. चुकीचं असलं तरी वाचून. वर्गात मुलांना मी तेच सांगत आलो, की आमचे सर वाचल्याशिवाय लाल शाई उचलत नसत.”

बसमध्ये घोटवलेले वाक्य मला त्या वेळी उच्चारता आले नाही. ते फार चांगले रचलेले होते.

मी तिन्ही चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात ‘चिंधा, धारवाले, मेहरूण’ असे लिहिले आणि तपासण्यासाठी प्रशीलपुढे धरल्या. त्याने त्या एकेक करून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्या. दुसरीवर ‘तापवून’ आणि ‘शेवटून’ यांच्यामध्ये त्याने माझ्याच पेनने ‘ठोकून’ हा शब्द घातला, वडिलांना वाचून दाखविला, त्यांनी मान हलविली, आणि मग चिठ्ठ्या परत दिल्या.

निघताना चिंधाभाऊंनी डाव्या हाताने माझ्या पिशवीकडे बोट दाखविले.

“कोऱ्या ठेई जा.”

“काही आठवले तर प्रशील लिहून घेईल?” मी विचारले.

“आठवनं ते लिखी. नही ते कापी पाहाले घरनी सुरी शेच.”

मी सदतीस चिठ्ठ्या मोजून खाटेवर ठेवल्या. आठव्या दिवशी मुद्रिते टपालाने पाठविली, तोवर प्रशीलचा फोन आला नव्हता. नोंदीत तीन वाक्ये गेली. बाकीच्या ठिकाणी छापील आधार आहे.